प्रस्ताव क्रमांक सतरा

“सतरा नंबर वाचलात का?” डॉक्टरबाईंनी निवड समितीच्या खोलीच्या दारातूनच विचारलं. पर्स अजून खांद्यालाच होती, किल्ल्या हातातच.

समितीतले दुसरे परीक्षक, सर, चष्मा पुसत होते. “वाचला,” एवढंच म्हणाले.

“मी तीनदा वाचला! चहा गार झाला, कळलंसुद्धा नाही.”

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची निगा राखणाऱ्यांची परिषद दोन महिन्यांवर आली होती. भाषणांसाठी प्रस्ताव मागवणारं निवेदन यंदा डॉक्टरबाईंनी स्वतः लिहिलं होतं. ‘यशाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. या वेळी चुका सांगा. पिंजरे धुणाऱ्यांनीही लिहा, भाषेची काळजी करू नका.’ पशुवैद्य म्हणून त्या ज्या प्राणीगृहात होत्या, तिथंही त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. माणसांनी माना डोलावल्या आणि आपापल्या बादल्या उचलल्या.

एकतीस प्रस्ताव आले. नियमाप्रमाणे सगळ्यांची नावगावं झाकलेली. ती बंद पाकिटांत समितीच्या सचिवबाईंच्या ताब्यात होती. तीस जणांनी ‘चूक’ या नावाखाली स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. उरला सतरा नंबर.

“ऐका,” म्हणत बाईंनी कागद उघडला. सचिवबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

‘मी पिंजरे धुतो. आमच्याकडे व्यालेल्या उंदरणी पिल्लं टाकून द्यायच्या, कधी खायच्यासुद्धा. सोमवारी आणि गुरुवारी डॉक्टर फेरीला येतात. पिल्लं मंगळवारी आणि शुक्रवारीच मेलेली दिसायची. आठ महिने मी वहीत लिहून ठेवलं. डॉक्टरांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो. बोलताना तो वाजवायची त्यांना सवय आहे. आपल्याला नुसतं खुळखुळ ऐकू येतं. पण त्यात एक बारीक आवाज असतो, तो फक्त उंदरांना ऐकू येतो. मग फेरीच्या दिवशी आम्ही व्यालेल्या उंदरणी लांबच्या खोलीत हलवू लागलो. विचारलं तर सफाई चालू आहे म्हणतो. तेव्हापासून पिल्लं जगतात. डॉक्टरांना सांगायची हिंमत झाली नाही. ती माझी चूक. ती मांडायला यायचं आहे.’

सचिवबाईंनी नाक ओढलं.

“आठ महिने!” डॉक्टरबाई उठून फेऱ्या मारू लागल्या. “एवढं शिकलेल्यांना जे सुचलं नाही, ते एका पिंजरे धुणाऱ्यानं वहीत पकडलं. माझ्याकडेही पिल्लं जात होती, सर. खाद्यात दोष निघाला, बदललं, थांबलं. पण त्यासाठी माझ्या हाताशी अख्खी प्रयोगशाळा होती. या माणसाकडे काय होतं? एक वही!”

सरांचा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडला होता. त्यांनी तो हळूच उचलून खिशात घातला.

बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. सर निवृत्त झाले होते, पण तपासणीसाठी दरवर्षी डझनभर प्राणीगृहं पालथी घालत. त्याआधी तीस वर्षं डॉक्टर म्हणून ते सगळीकडच्या रिवाजाप्रमाणे सोमवार-गुरुवारच्या अशाच फेऱ्या मारत आले होते.

“मला वाटतं, हा राहू दे,” सर म्हणाले.

“राहू दे? का?”

“एखाद्या डॉक्टरची चारचौघांत शोभा होईल.”

“होऊ दे की! त्या महाशयांना कळायला नको? माणूस वर्षानुवर्षं किल्ल्या वाजवत हिंडतोय आणि हाताखालच्यांची सांगायची छाती होत नाही. दरारा म्हणतात तो हाच का?”

सरांचे कान लाल झाले. “समजा, तो डॉक्टर मनानं चांगला असेल. त्याला खरंच ठाऊक नसेल.”

“चांगला असेल तर टाळ्या वाजवील.”

“आणि लिहिणाऱ्याची नोकरी?”

“अशा माणसाच्या नोकरीला जो डॉक्टर हात लावील, त्यानं हे काम सोडून द्यावं. लिहून घ्या हे इतिवृत्तात,” बाई सचिवबाईंकडे वळल्या. “माझ्या नावानं लिहा.”

पेन कागदावर धावलं. बाईंचे डोळे चमकत होते. ज्या सरांनी त्यांना उंदीर हातात धरायला शिकवलं, त्यांच्याशीच आज त्या भांडत होत्या. वाईट वाटत होतं, पण मागे हटवत नव्हतं.

“सर,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “चूक कुणाचीही असो. तुमच्या जागी मी असते, तरी हेच म्हणाले असते.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं. “पोरी, एकदा पाकीट फोडलं की निवड बदलता येत नाही, हं. नियम तूच केलायस.”

“मला बदलायचीच नाहीये.”

“बघ बाई.” सरांनी सतरा नंबरपुढे सही केली.

डॉक्टरबाईंनी खाली झोकात सही ठोकली. “उद्घाटनाचं भाषण याचंच. पत्रात लिहा, येताना आपल्या डॉक्टरांना घेऊन ये म्हणावं. त्यांना पहिल्या रांगेत बसवू. भाषण संपल्यावर मंचावर बोलावू आणि या माणसाचा सत्कार त्यांच्याच हातून करू.”

“पहिल्या रांगेत,” सचिवबाईंनी लिहून घेतलं.

“फोडा आता! बघू तरी कुठला हिरा आहे तो.”

सचिवबाईंनी पाकीट फाडलं, आतली चिठ्ठी वाचली आणि सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“बोला ना,” डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. “कुठल्या प्राणीगृहातला आहे?”

“तुमच्या, मॅडम.”