एवारिस्तोंचा नववा दिवस

सेन्योर एवारिस्तो कधी जन्मालाच आले नव्हते, तरी आज त्यांचा नववा दिवस होता आणि नुबियाच्या घरात बसायला खुर्ची उरली नव्हती.

भिंतीशी टेबल, टेबलावर पांढरी चादर, दोन मेणबत्त्या आणि वाटेत तहानलेल्या आत्म्यासाठी पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास. मधोमध एवारिस्तोंचा एकुलता एक फोटो. त्यात माणूस नव्हता, नुसती काळ्या-पांढऱ्या विणीची टोपी होती. टोपी नुबियाची. गेल्या ईस्टरला बाजारात घेतलेली.

"हीच ती टोपी," पाववाली पेत्रोना डोळे पुसत म्हणाली. "एकोणऐंशीच्या कार्निवलात हीच घालून माझ्याशी नाचला होता."

"तुझ्याशी?" नुबियाच्या हातातल्या कॉफीच्या कपांनी एकमेकांवर डोकी आपटली.

"अगं, नाचला काय, लग्नाचं विचारलं! मीच नको म्हटलं. जरा जास्तच गोड बोलायचा मेला."

"गोड बोलायचा खरा," न्हावी एलियेसेर म्हणाला, "पण डोक्याला दोन भोवरे. कात्री चालवताना मला घाम फुटायचा."

नुबियाने कॉफी त्याच्यापुढे आदळली. भोवरे! तिने एवारिस्तोंना गुडघेदुखी दिली होती, तिकडे माराकाइबोत चाळीस वर्षं दिली होती, बायको मुद्दामच दिली नव्हती. भोवरे तिने दिले नव्हते!

गावाचा फोनवरचा ग्रुप काढला तो तिनेच. गावात उरलेले आणि गाव सोडून पांगलेले मिळून तीनशे बारा जण. रोज सकाळी ती लिहायची, "बोला की मंडळी, घर तुमचंच आहे!" आणि तीनशे बारा जण तोंडात गुळणी धरून बसायचे. एकदा एक अंगठा आला, तोही चुलतभावाचा, चुकून लागलेला. तेव्हा तिने वारलेल्या नवऱ्याचा फोन कपाटातून काढला आणि चेहऱ्याच्या जागी आपल्या टोपीचा फोटो लावून, सेन्योर एवारिस्तो होऊन एकच ओळ टाकली: "काय हो, मागदालेना नदीच्या काठच्या त्या आंब्याला अजून आंब्यांच्या आधी भांडणंच लागतात का?"

दुपारपर्यंत एकशे चाळीस उत्तरं. आठवड्याभरात कुणी आजोबांचे फोटो काढले, कुणी सासूची मासळीच्या रश्श्याची कृती फोडली, बोगोतातला एक विधुर आणि इथली एक शिंपीण यांचं जमलं. माणसं इतकं बोलू लागली की टेकडीवरचा फोनचा मनोरा तापला आणि त्याच्यावर बसणारी गिधाडं पाय पोळतात म्हणून नदीपलीकडे राहायला गेली.

बदाम मात्र सगळे एवारिस्तोंना. एका मंगळवारी नुबियाने त्यांचीच जुनी ओळ, काना-मात्राही न बदलता, स्वतःच्या नावाने टाकली. खाली पेत्रोनाने लिहिलं, "असेल. पण सेन्योर एवारिस्तो काय म्हणतात?"

त्याच मंगळवारी एवारिस्तोंचं हृदय बंद पडलं. माराकाइबोहून आपल्याला निरोप आलाय, असं नुबियाने ग्रुपवर लिहिलं. रागाच्या भरात ती गावची रीत मात्र विसरली: ज्याच्या मागे कुणी नाही, त्याची नऊ दिवसांची जपमाळ बातमी सांगणाऱ्याच्या घरी.

जपमाळ सुरू झाली. एका हाताने मणी ओढत दुसऱ्या हाताने लोक ग्रुपवर टेबलाचे फोटो टाकत होते. टेबलाच्या खणात नवऱ्याचा फोन घुरघुरला. मग थांबेचना. मेणबत्त्या थरथरल्या, टोपीवाला फोटो इंच इंच पुढे सरकू लागला.

"आला," पेत्रोना कुजबुजली आणि तिने छातीवर क्रूस काढला. सगळं घर गुडघ्यांवर आलं. एलियेसेर तर हुंदके देऊ लागला.

"अरे, तो कधी नव्हताच!" नुबिया ओरडली. "मी लिहायचे ते! टोपी माझी, गुडघे माझे! आंब्याचं मी, भांडणाचं मी, सगळं मीच!"

मग पेत्रोना उठली आणि तिने नुबियाला पोटाशी धरलं.

"कोमाद्रे, सखे," ती हळूच म्हणाली, "तुझंही मन होतं होय त्याच्यावर? आधी बोलायचंस ना. मी नाचल्याचं तुझ्यापुढे काढलंच नसतं."

"आणि मेलेल्या माणसावर कसलं जळायचं, बाई?" एलियेसेर नाक पुसत म्हणाला. "तू लिहायचीस म्हणे! तुला आम्ही ओळखत नाही का? तू ती 'बोला की मंडळी'वाली."



शेवटची प्रार्थना झाली. लोकांनी मेणबत्त्या विझवल्या, फोटो पेत्रोनाने न विचारताच पदराआड करावा तसा शालीखाली घेतला, आणि एकमेकांना एवारिस्तोंच्या आठवणी सांगत मंडळी उतरत्या उन्हात पांगली.

चादर काढायला म्हणून नुबिया टेबलापाशी आली आणि थबकली. ग्लास अर्ध्यावर आला होता. तिने चादर चाचपली, कोरडी ठणठणीत. खाली फरशी पाहिली, तीही कोरडी. आईच्या नवव्या दिवशी याच ग्लासातला थेंबसुद्धा हलला नव्हता. नवऱ्याच्याही नाही.

तिने दाराकडे एकदा पाहिलं. मग उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि ग्लास टेबलावर पालथा घातला.