मोकळं आकाश

"शर्वरीमावशी, एवढ्या पैशांत ठरवलेलं हवामान बसत नाही," प्रवास कंपनीतला निहार म्हणाला. "गोव्याचं ऊन नाही, मनालीचा बर्फ नाही. तुमच्या सहलीचे पाचही महिने फक्त मोकळं आकाश मिळेल. तिथं पाऊस केव्हा येईल हे कुणीच ठरवत नाही. एकट्या बाईनं जाऊ नये."

साठीतल्या शर्वरीबाईंच्या शहरात त्यांच्या जन्माआधीपासून पाऊस वेळापत्रकानं पडत होता. दोरीवरचे कपडे काढायला त्या कधी धावल्याच नव्हत्या. आई मात्र त्या धावपळीच्या गोष्टी हसत हसत सांगायची.

त्यांनी तिकिटावर अंगठा उमटवला.

"सामानात छत्री देऊ?" निहारनं विचारलं.

"दोरी दे," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालीन. पाऊस आला की धावायचं की भिजू द्यायचं, ते माझं मी बघेन."