मनात ठेवलेलं नाव

केडगावच्या घरी मी कॉलेजच्या वेबसाइटसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. तो एका पानावरून दुसऱ्यावर जाई आणि लिंकांचा नकाशा काढी.

बारशाच्या सकाळी नकाशात एक पान जास्त निघालं. भार्गवी. लेकीसाठी हे नाव मी फक्त मनात ठेवलं होतं. सगळ्या रेघा त्या पानात शिरत होत्या, बाहेर एकही येत नव्हती.

मी मोडेमची वायर उपटली आणि मनातल्या मनात शाल्मली ठरवलं. पडद्यावर पानाचं नाव शाल्मली झालं.

नणंद भारती पाळण्याशी वाकली. "वहिनी, कुर्र करायचंय. नाव सांगा की."

"नावच नको ठेवायला."

"आता काय बिननावाची वाढवता का पोरीला?"

मी मागे वळून पाहिलं, पडद्यावर पानाचं नाव पुसलं गेलं होतं. रेघा आत शिरतच होत्या.