सतराव्या पानावरची ओळ

मास्तरांची लाल पेन्सिल कागदाजवळ आली आणि तेथेच थबकली.

समोर रस्त्यावर चिखल होता. टेकाडापलीकडच्या उजव्या वळणावर, अगदी तोंडाशी, कोणा ट्रॅक्टरने शेतातली ओली माती चाकांबरोबर आणून डांबरावर पसरली होती. वळणाच्या डाव्या अंगाला चुन्याच्या खाणीचा खोल खड्डा होता. टेकाड चढून भरधाव येणाऱ्या गाडीला यातले काहीही आधी दिसणार नव्हते.

दोन तासांनी याच रस्त्यावरून मोसमाची सहावी आणि अखेरची शर्यत सुटणार होती. आधी एकट्याने सावकाश जाऊन रस्ता तपासणे आणि वळणांची वही दुरुस्त करणे, हे आता मास्तरांचे काम. शर्यतीत चालकाशेजारी बसलेला सोबती ती वही, म्हणजे प्रत्येक वळणाची बाजू आणि तीव्रतेचा आकडा, मोठ्याने वाचतो, आणि त्याच्या शब्दावर विसंबून चालक न दिसणाऱ्या वळणात गाडी झोकून देतो. अकरा वर्षे त्या जागेवर मास्तर बसले होते. धडा वाचावा तसे खणखणीत वाचत, म्हणून तर ते मास्तर. पुढे कंबरेचा मणका सरकला, डॉक्टरांनी ती जागा कायमची बंद केली, आणि तेथे चालकाची मावसबहीण येऊन बसली. कालपर्यंत कचेरीत टंकलेखन करणारी पोर!

मास्तरांच्या सोबतीने चालक अकरा वर्षांत दोनदा दुसरा आला होता. या पोरीच्या सोबतीने एकाच मोसमात तीन शर्यती जिंकला. आज जिंकला तर मोसमाचा विजेता ठरणार होता. "पोरीचा पायगुण चांगला हो, मास्तर!" असे गाडीचा मिस्त्री परवाच म्हणाला. मास्तर हसले होते. परंतु ते वाक्य त्यांच्या घशात माशाच्या काट्याप्रमाणे अडकून बसले होते. म्हणजे आमचा पायगुण वाईट होता काय?

वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे त्यांचा एक लाल ठिपका असे. ठिपका म्हणजे पाहिले, सर्व ठीक आहे. बदल असेल तेथे ठिपक्याऐवजी दोन शब्द. आजही सोळा पाने त्यांनी तशीच तपासली होती. सतराव्या पानावरच्या या ओळीपाशी मात्र चिखल हा तीन अक्षरी शब्द लिहिणे त्यांच्या जिवावर आले.

'गाडी थोडी घसरेल,' त्यांनी मनाशी म्हटले. 'दहा सेकंद जातील. दुसरा क्रमांक येईल. दुसरा क्रमांक काही वाईट नसतो. आम्ही दोनदा घेतला आहे.'

त्यांनी शब्द लिहिला नाही. ठिपका देण्यासही हात धजेना. ओळ तशीच कोरी ठेवून त्यांनी पान उलटले.

शर्यत जेथून सुटून परत येणार होती, त्या तंबूपाशी पोर वाटच पाहत होती. वही घेत तिने विचारले, "काका, काही विशेष?"

"वहीत आहे ते आहे," मास्तर म्हणाले आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने वळले.

शर्यत सुटली. गाडीतला आवाज तंबूतल्या कर्ण्यावर ऐकू येत होता. पोर वाचत होती, आणि तिच्या आवाजाखाली इंजिन गुरगुरत होते.

"काय वाचते हो! डोळे मिटले तर वाटावं, तुम्हीच बसलाय," मिस्त्री म्हणाला.

"माझ्यासारखी नाही. घाई करते," मास्तर म्हणाले. पण ती घाई करत नव्हती. जेथे मास्तर श्वास घेत, नेमका तेथेच ती श्वास घेत होती.

सोळावे पान आले. आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढून ते दहा सेकंद एकाएकी नाहीसे झाले. उरला तो नुसता खड्डा. ते ताडकन उठले.

"थांबवा त्यांना! अरे, थांबवा!"

"कर्ण्याला काय सांगता?" मिस्त्री चकित झाला. "त्यातून नुसतं ऐकू येतं, मास्तर. झालं तरी काय?"

मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"टेकाड, मग उजवे पाच..." कर्णा बोलला, आणि लगेच, "दादा, ठिपका नाही!"

"मग ब्रेक!" चालकाचा आवाज आला.

इंजिनाचा सूर खाली कोसळला. चाके करकरली. "आई गं, चिखल! आत घे, आत!" आणि मग, जणू काही घडलेच नाही, "डावे चार, लांब."

ते दोघे एका सेकंदाने मोसम जिंकले.

गाडीभोवती गर्दी उसळली होती. तिच्यातून वाट काढत पोर आली. हेल्मेटमुळे कपाळावर वळ उमटले होते. तिने वही खुर्चीत बसलेल्या मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"काका, सतराव्या पानावर एक ओळ कोरी राहिली बघा."

मास्तरांना मान वर करवेना. "तुला ठिपक्याचे कोणी सांगितले?"

"दादानं. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तेच शिकवलं." ती हसली. "म्हणाला, ठिपका नसेल तिथं मास्तरांनी पाहिलेलं नाही, तिथं पाय काढायचा. मी म्हटलं, अन् ठिपका असून धोका निघाला तर? तर म्हणाला, मास्तर जीव देतील, पण खोटा ठिपका देणार नाहीत." तिने त्यांच्या खिशातली लाल पेन्सिल काढून त्यांच्या हाती दिली. "डोळा लागला असेल तुमचा, पहाटेपासून उठलाय. एवढी ओळ पुरी करा. वही काचेच्या कपाटात ठेवायची म्हणतोय दादा."

ती पुन्हा गर्दीत गेली. मास्तरांनी सतरावे पान उघडले. मग काचेतून कोणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत त्यांनी लिहिले: 'येथे चिखल होता. मी पाहिला होता.'