ड्रायव्हर सांभाळणारा

बाबांच्या माघारी धूळ खात पडलेला त्यांचा संगणक तिने अपडेट केला आणि फोटोंची डिस्कच दिसेनाशी झाली. याच संगणकापुढे ते रोज बसायचे, आणि आई करवादायची, “बसले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!”

त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली होती; तिने तिच्या ऑनलाइन मदतगटात विचारलं. उत्तर आलं, “डिस्क ठणठणीत आहे. ती जोडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिनक्सच्या नव्या आवृत्तीतून काढून टाकलाय. तो सांभाळणारा माणूस वर्षभर मेलला उत्तरच देत नव्हता.”

ती भडकली. “असं वाऱ्यावर सोडतात का लोकांना?”

“फुकटचं काम ते, कंटाळला असेल. हा त्याचा मेल आयडी. बघा विचारून.”

मेल आयडी बाबांचा होता.

तिने गटात लिहिलं, “कंटाळले नव्हते हो.”