धवल्यातली राणी

"राणी गो गड उतरली रातोरात, आमच्या शेतात लावते भात..."

मुरबाडकडच्या लग्नांत धवले गाणाऱ्या हौसामावशीचा हा आवाज रेश्माने लहानपणापासून मांडवामांडवात ऐकला होता. आपल्या हळदीलाही हाच धवला हवा, असा तिचा हट्ट होता.

पण गेल्याच रविवारी टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेत धवल्यातली तीच राणी गडावर मारली गेली. उष्टी हळद घेऊन आलेली कल्याणची नणंद ऐन गाण्यात हसली, "मावशी, तुमी मालिका बघत नाय का? राणी कधीच मेली!"

सगळा मांडव खदखदून हसला. मावशीचा सूर तुटला.

रेश्मा हळदीच्या अंगानेच पाटावरून उठली. "सांग ना गो यांना, मालिकेतलं खोटं हाय म्हणून! लोकांनी बघावं म्हणून कायपण दाखवतात ते."

मावशीने तिला हाताला धरून परत पाटावर बसवलं.

 

"त्यांनी खरं तेच दाखवलं, बाय. पण सासरी निघालेल्या पोरीपुढं मेलेली राणी कशी गायची? म्हणून आमी धवलारणीच तिला जगवत आलो."