तणशीची काडी

“आजी, दोन्ही ट्यूब फाटल्या. तलावाकाठी एकटीच आहे आणि सहाला जंगलाचा नाका बंद होतो!” सायकलने भटकंतीला गेलेली माझी नात फोनवर रडवेली झाली होती.

“समोर धानाच्या बांधीत तणस असेल. पीळ घाल आणि टायरमध्ये ठासून भर.”

“भाताचं गवत? आजी, सायकल आहे, बैल नाही!”

“भर मुकाट्याने.”

पन्नास वर्षांपूर्वी मी तिकडे नर्स होते. एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघाले असताना त्याच रस्त्यावर ट्यूब फाटली, तेव्हा मासे विकणाऱ्या एका बाईने अशीच तणस भरून दिली होती. बाळ-बाळंतीण वाचली. घाईत मी त्या मासेवालीचं नावही विचारलं नाही.

पावणेसहाला फोटो आला. नात नाका ओलांडून हसत उभी होती आणि टायरमधून एक पिवळी काडी डोकावत होती.

मी आधी त्या काडीला हात जोडले.